मिठाचा हात

बाबांच्या पोटातली गाठ काढायची होती आणि तो दिवस काही केल्या उगवत नव्हता, सर्जन तयार, खोली मिळालेली, मी कँटीनमधली रजा संपवत बसलेलो, पण रोज सकाळी रक्ताचा रिपोर्ट येई आणि डॉक्टरीणबाई तेच पालुपद लावत, "सोडियम कमी आहे. असं असताना पोट उघडलं, तर नंतर जीव जाण्याचा धोका वाढतो. थांबावं लागेल." ज्याचा मुलगा रोज अख्ख्या ऑफिसला रांधून घालतो, त्याच्या रक्तात मीठ कमी पडावं, या विचारानं माझं डोकं फिरायचं. त्यात बाबा बरळू लागले होते. मला ओळखतही नव्हते.

"मग घाला ना मीठ!" एकदा मी ओरडलोच.

"नुसतं मीठ घालून वाढत नाही हो ते. आणि घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होते."

"मग माझ्यातलं काढा आणि घाला एकदाचं!"

बाई हसल्या. बाबांनी मात्र मान वळवून माझ्याकडे टक लावून पाहिलं.

रजा संपली. कामावर गेलो, नेहमीसारखा भाजीचा रस्सा तळहातावर घेऊन चाखला, तर अळणी. मीठ घातलं, पुन्हा घातलं. जेवायच्या सुट्टीत भरलेली ताटं परत आली.

"अरे, समुद्र ओतलास की काय?" मालक म्हणाले.

इतक्या वर्षांत माझा मिठाचा हात चुकला नव्हता. संताप संताप झाला. घरीही तेच, वर डोकं जड, पाय लटपटायचे, हातातली किल्ली कशाची ते आठवेना. बायको म्हणाली, "तुम्ही पण रक्त तपासून घ्या." तिच्यावरही खेकसलो, "आधी त्यांचं होऊ दे!"

त्यांचं मात्र सुधारत होतं. औषध तेच, पण सोडियम रोज थोडं चढत होतं, आणि एका सकाळी बाईंनी ऑपरेशनला हिरवा कंदील दाखवला.

बाबांना आत न्यायला आले तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. रात्रीपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्यांनी माझा हात धरला.

"तोंडाला चव आलीय रे," ते ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले. "तुझ्याच हातची."

दार बंद झालं आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू फुटलं. एक थेंब ओघळत ओठांवर आला. सवयीनं मी तो चाखला.

मीठ घालायला हवं होतं.