कुणाच्या अर्ध्यातलं तण

आमच्या ह्यांना दोन गोष्टींची भारी चीड. एक, कुणी मधेच बोललेलं. दुसरी, कपाशीत उगवलेलं तण. पहिलीशी जमवून घेत मी संसार केला. दुसरीपायी आमच्या शेतातल्या मातीला कधी उसंत मिळाली नाही. गहू निघाला की खोल नांगरट, मग ढेकळं फोडायची, मग कुळवणी, आणि कपाशी वर आली की ओळींमधून तण काढायला सारखं कोळपं. शेत कसं पुसलेल्या फरशीसारखं हवं. रस्त्यालगत आहे, येणारा-जाणारा बघतो, हे ह्यांचं पालुपद.

मग पुतण्या शेतीचं शिकून आला आणि म्हणाला, नांगरायचंच नाही. गव्हाची धसकटं तशीच उभी ठेवायची, काड पसरायचं आणि त्यातच कपाशी टोकायची.

"काका, नांगराने तुम्ही तण मारत नाही, पेरता," तो म्हणाला. "खाली गाडलेलं बी तुम्हीच वर काढता. पाणी दिलं की उगवलंच."

हे रागावले असते तर परवडलं असतं. हे हसले. "ठीक आहे. अर्धं शेत तुझं, अर्धं माझं. तुझं सरस निघालं तर नांगर विकून टाकू. पुढे शेतात तुझाच शब्द."

मी मनात म्हटलं, ह्या माणसाचा शेतातला शब्द गेला तर मागे उरतं काय? पण मधे बोललेलं चालत नाही, म्हणून गप्प बसले.

पहिलं पाणी दिलं आणि ह्यांच्या अर्ध्यात तण तरारून आलं. हे कोळपं घेऊन तुटून पडले. दुसऱ्या पाण्यानंतर पुन्हा तेच. पुतण्याच्या अर्ध्यात काडाखाली तण कमी होतं, पण जे होतं ते धसकटांतून मान वर काढून उभं. तिथे कोळपं चालत नाही, अडकतं. "थोडं राहिलं म्हणून बिघडत नाही," असं म्हणून पुतण्याने दुपारचं जेवून ताणून दिली.

आणि नवल म्हणजे त्याच्या अर्ध्यातलं तण हळूहळू नाहीसं झालं. पठ्ठ्याची छाती फुगली. रस्त्याने जाणाऱ्यांना हाका मारून दाखवायचा, "बघा, हात लावलेला नाही! काडाखाली तण आपोआप गुदमरतं."

मला संशय आला तो ह्यांच्या पायांवरून. नडग्या ओरखड्यांनी भरलेल्या. ह्यांच्या अर्ध्यात तर गव्हाचं एक धसकट शिल्लक नव्हतं, मग बोचलं काय? एका दुपारी पुतण्या घोरत असताना मी शेतात गेले. हे पलीकडच्या अर्ध्यात, धसकटांत गुडघे टेकून, एकेक तण उपटून टोपलीत टाकत होते.

"अहो, शुद्धीवर आहात ना? हरायचंय का?"

"हळू बोल," ह्यांनी दटावलं. "आणि घरात बोलायचं नाही."

वेचणी झाली. पुतण्याचा कापूस जास्त भरला. भरणारच, ह्यांचा सगळा जीव पलीकडे, स्वतःच्या कपाशीतलं शेवटचं कोळपं राहूनच गेलं होतं. नांगर विकला. गाडीत चढवताना ह्यांनी फाळावरची माती हाताने पुसली आणि घरात आले. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण कुणाचा ते नीट कळेना.

यंदा सगळंच शेत बिननांगराचं. ह्यांना कुणी काही विचारत नाही. हे दारात खुर्ची टाकून बसतात. दुसऱ्या पाण्यानंतर तणाने कपाशीला गाठलं. पुतण्याने पुस्तकं चाळली, फवारणी केली. काही तण मेलं, उरलेलं आणखी माजलं. शेवटी डोक्याला हात लावून माझ्यापुढे बसला.

"काकू, पद्धत तीच, बियाणं तेच, पाणी तेच. यंदा कमी काय पडलं?"

मी इतके दिवस तोंड आवरलं होतं हो. पण तेवढ्यात हे कण्हत पायरी उतरले आणि मला राहवेना.

"काही नाही रे. यंदा तुझ्या काकांचे गुडघे धरलेत."

त्याने ह्यांच्या नडग्यांकडे पाहिलं. ओरखड्यांचे वण अजून होते. पोरगा हुशार आहे, चेहरा खर्रकन उतरला.

"काका, माझ्या अर्ध्यात? अहो, त्यानेच हरलात तुम्ही!"

ह्यांनी आधी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. "रस्त्याने जाणाऱ्याला काय ठाऊक अर्धं कुणाचं ते? त्याला तण दिसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याने दारातली खुर्ची उचलली, बांधावर नेऊन ठेवली आणि स्वतः धसकटांत गुडघे टेकले. मी पाणी घेऊन गेले तर हे खुर्चीतून ओरडत होते, "मुळासकट! नुसते शेंडे खुडू नकोस!"

"काका, पुस्तकात असं म्हटलंय की..."

"मधे बोलू नकोस," हे म्हणाले.