पडदा बसे पालखीत

बायकोच्या टेबलामागे तारांचं जंगल होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. तिला त्याचा काडीचा त्रास नव्हता. पण ज्याच्या स्वतःच्या कपाटाचं दार उघडलं की अंगावर कपडे कोसळतात, तोच दुसऱ्याच्या टेबलाकडे बघून हळहळतो.

ती खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. डॉक्टर बोलतात ते ती कॅमेऱ्यासमोर हातांनी सांगते. पलीकडची बहिरी व्यक्ती हातांनी बोलते ते ती तोंडानं सांगते. आमचं पोट खरोखरच हातावर आहे, आणि ते हात तिचे आहेत.

ती बहिणीकडे गेली तेवढ्यात मी डॉकिंग स्टेशन आणलं. साबणाच्या वडीएवढी डबी. कॅमेरा, माइक, कीबोर्ड, इंटरनेटची तार, फोटोंची डिस्क, सगळं त्या डबीत खोचायचं, आणि डबीतून एकच आखूड तार लॅपटॉपला. वर माझ्याकडून भेट म्हणून मॉनिटरचा एक भला मोठा पडदा, तोही त्याच डबीत खोचलेला. लॅपटॉप मिटून खालच्या खणात झोपवला आणि बाकीच्या तारा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी अशा आवळल्या की जणू पळून जाणार होत्या.

"जावईबापूंनी आवरलं की वस्तू सापडत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. त्या आठवडाभर आमच्याकडे होत्या आणि त्यांची नजर माझ्यावर होती.

ती परतल्यावर जेवताना मी व्याख्यान दिलं. कुणी मागितलं नव्हतं. "या एका तारेच्या आत चार रुंद वाटा आहेत, आणि कडेला एक जुनी पायवाट. पडदा साधा असला तर दोन वाटा चित्राला, दोन बाकी सामानाला. पडदा मोठा असला तर चारही वाटा चित्रच घेतं. मग बाकीच्यांनी पायवाटेनं जायचं." त्यावर मी लगेच रचलेली ओवीही म्हणून दाखवली:

एकुलती एक तार, तिच्या खांद्यावर घर,
पडदा बसे पालखीत, बाकी चाले पायावर.

"छान आहे," बायको म्हणाली. ती छान म्हणते तेव्हा तिचं लक्ष असतं. माझं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सकाळी तिचं काम होतं ते एका टेलरबाईंचं; त्या, त्यांचे सर्जन आणि बायको, असा तिघांचा व्हिडिओ कॉल. जन्मापासून बहिऱ्या, उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलेला. शस्त्रक्रिया करायची की नाही ते आजच ठरवायचं होतं. सर्जन संध्याकाळी परदेशी जाणार होते; होकार मिळाला तर शस्त्रक्रिया सहकाऱ्याकडे सोपवून. ते परत येईपर्यंत तो सांधा वाट बघणार नव्हता. बाईंना कात्रीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी वेगळी होती. त्यांच्यासाठी अंगठा म्हणजे जीभ. नंतर पूर्वीसारखं बोलता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

तिच्या कामाच्या वेळी मी त्या खोलीत जात नाही. स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो, तर आतून हाक आली. "अरे, ये जरा. त्यांना विचारलंय मी, चालेल म्हणाल्या."

पडद्यावर टेलरबाई उठायच्या बेतात होत्या. "माझे हात तुटक दिसतायत त्यांना," बायको म्हणाली. "खूण सुरू होते आणि मधलं गळूनच जातं. त्या म्हणतायत, अर्धवट समजून अंगठा कापायला देणार नाही."

"इंटरनेट असेल," मी म्हणालो. गुन्हेगार आधी शेजाऱ्याचं नाव घेतो.

"इंटरनेट ठणठणीत आहे. तुझा पडदा पालखीत बसलाय. माझे हात पायवाटेनं चाललेत."

त्यातून मी सकाळीच सगळे जुने फोटो डिस्कवर चढवायला लावले होते. म्हणजे पायवाटेवर आमच्या लग्नाची वरातही निघाली होती.

वरात थांबवली. हात तरीही अडखळतच होते.

"पडदा काढू?"

"मग त्या मला कशा दिसतील?"

"ही मुख्य तार..."

"ती उपटलीस तर सगळंच जाईल."

उरला एकच उपाय: कॅमेरा थेट लॅपटॉपला जोडायचा. मी कात्री घेऊन टेबलाखाली शिरलो आणि माझ्याच पट्ट्या कापायला लागलो. कॅमेऱ्याची तार सुटली, पण खणातल्या लॅपटॉपपर्यंत पोचेना. डबीची तारही आखूड. दोन्ही तारा पुरतील अशी जागा एकच होती, टेबलाच्या फळीखाली अधांतरी, आणि तिथे खिळा नव्हता. मी होतो. मांडी घालून बसलो, लॅपटॉप डोक्यावर धरला, तार खोचली.

"आलं," वरून बायको म्हणाली. "आता हलू नकोस."

ज्या हातांसाठी हा खटाटोप, ते मला दिसतच नव्हते. बाहीची सळसळ ऐकू यायची, मध्येच बांगडी किणकिणायची. सर्जन सांगत होते: काही आठवडे अंगठा बांधलेला राहील, मग व्यायाम, मग हळूहळू तो पुन्हा वळायला लागेल. पूर्वीइतका नाही, पण बोलण्यापुरता नक्की. बाही सळसळत राहिली, कुठे तुटली नाही. माझे दंड भरून आले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कांद्याचंच असणार.

"त्या विचारतायत," बायकोचा आवाज आला, "माझी नात माझ्या हाताच्या गोष्टी ऐकल्याशिवाय झोपत नाही. तिला त्या कळतील का?"

"पहिले काही दिवस बोबड्या वाटतील," सर्जन म्हणाले. "नातींना बोबडं कळतं."

पुन्हा सळसळ. मग बायको म्हणाली, "त्या हो म्हणाल्या." तिचा आवाज जरा ओला होता, आणि तिनं काही कांदा चिरला नव्हता.

सर्जन गेल्यावर टेलरबाईंनी टेबलाखालच्या माणसाला बघायची इच्छा दाखवली. मी लॅपटॉप डोक्यावर धरूनच एका बाजूला कलंडलो आणि टेबलाच्या कडेनं तोंड बाहेर काढलं. त्या हसल्या, हातांनी काही बोलल्या.

"काय म्हणतात?"

"शिलाई वरून एकाच दोऱ्याची दिसते. खाली दुसऱ्या दोऱ्याची बॉबिन असते म्हणून टाका बसतो."

दारात सासूबाई उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"बॉबिनराव," त्या म्हणाल्या, "कांदा अर्धाच राहिलाय."