मादींचा डबा

चारुशीलानं उंदरांची यकृतं दोन थर्माकोलच्या डब्यांत भरली, एकात नरांची, दुसऱ्यात मादींची. आपल्याकडे पंगतीपासून एसटीच्या सीटपर्यंत बायका वेगळ्या. तिला तरी दुसरं काय सुचणार? तिचे पीएचडीचे गाईड मुकुल सर, त्यांनी तर टापटीप म्हणून कौतुकच केलं. नर आणि मादीच्या यकृतातल्या एन्झाइमांचं काम कमी-जास्त असतं का, एवढाच तिचा विषय. उंदीर साताऱ्यात आणि मोजायचं यंत्र सांगलीत, म्हणून हा खटाटोप. ऊब लागली की एन्झाइम गेलीच, त्यामुळे तिचा सगळा जीव बर्फात अडकलेला.

कराडला एसटी खचाखच भरली. एक डबा तिच्या मांडीवर राहिला, पायाशी ठेवलेला दुसरा कंडक्टरनं उचलला. "ताई, वाट अडतीया. फुडं ठिवतो, काळजी करू नगा."

असं कुणी म्हटलं की तिला हमखास काळजी लागायची. इस्लामपूरला गर्दी उतरल्यावर ती पुढं धावली. मादींचा डबा ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर होता. आतल्या बर्फाचं पाणी झालं होतं, तेही कोमट. स्टँडबाहेरच्या रसवंतीतून बर्फ आणून तिनं डबा भरला आणि सांगलीपर्यंत स्वतःची समजूत घालत बसली, की काही झालं नसेल.

सांगलीच्या लॅबमध्ये यंत्रावर नाथाजी होते. संध्याकाळी ते म्हणाले, "मॅडम, मादींचं आकडं पार खाली आल्यात की. लय फरक हाय."

तिनं सरांना फोन लावला. सर खूश झाले. "मी म्हणत नव्हतो? असा फरक मिळायला नशीब लागतं. आता लिहायला बस."

चारुशीलाला मात्र आनंद होईना. हा फरक मादीपणाचा की तापलेल्या पत्र्याचा, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. पुन्हा करायचं तर तेवढेच उंदीर पुन्हा मारायचे, परवानगी नव्यानं काढायची, आणि पीएचडीची मुदत तर मार्चमध्येच संपत होती. तिला भीती वाटली, परीक्षेत पेपर कोरा राहिल्यासारखी. तरी तिनं इंजिनाचं सांगून टाकलं.

 मग सरांनी विचारलं, "हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही. तुम्हालाच."

"मग राहू दे की आपल्यातच."

समोर नाथाजी आकड्यांच्या कागदावर सही करायला वाकले होते. फोन कानालाच धरून ती म्हणाली, "नाथाजी, थांबा. मादींचा डबा वाटेत इंजिनावर तापलाय. ते आकडे खरे नाहीत."

फोन तिकडून बंद झाला. 

नाथाजींनी पेन खाली ठेवलं. "आन् नरांचा डबा वो?"

"तो," चारुशीला म्हणाली, "माझ्या मांडीवर होता."