कवटीचं वय

निवृत्त झाल्यावरही मंगळवारी आणि शुक्रवारी मी शाळेत जातो. शाळा सोलापूरच्या बाहेर, चिंचोळी एमआयडीसीच्या अलीकडे आहे. मुलं बहुतेक कामगारांची. सहावीला मी विज्ञान शिकवतो आणि वर्षातून एकदा माझी पत्र्याची ट्रंक रिक्षात घालून नेतो. ट्रंकेत जुन्या चादरीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या पाच कवट्या असतात. प्लास्टरच्या. आफ्रिकेत आणि युरोपात सापडलेल्या प्राचीन माणसांच्या कवट्यांच्या चार प्रतिकृती, आणि पाचवी आपल्यासारख्या माणसाची.

यंदा ट्रंक नेली त्या दिवशी तिसरीचे सर रजेवर होते, म्हणून तिसरीची मुलं इतर वर्गांत वाटून बसवली होती. सुकन्या आमच्याकडे आली आणि सरळ अंकिताच्या शेजारी जाऊन बसली. दोघी मावसबहिणी. अंकिता उंच, सुकन्या तिच्या खांद्यालाही लागत नव्हती. तरी सुकन्याचं म्हणणं असं, की आम्ही दोघी एकाच महिन्यातल्या.

तिची पहिली वर्षं आजोबांच्या मेंढरांमागे, अक्कलकोटच्या पलीकडे गेली. जन्माची नोंद कुठंच नव्हती. वडिलांना एमआयडीसीत काम लागलं, बिऱ्हाड इथं आलं. शाळेत नाव घालताना वडिलांचं लक्ष घड्याळाकडे. "तुमाला काय वाटतंय ते लिवा, मॅडम," म्हणाले आणि पाळीवर गेले. मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडमनी पोरीची उंची पाहून आठ वर्षं लिहिलं आणि तिसरीत बसवलं. तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगायची, मी बारा वर्षांची हाय, मला सहावीत घाला. लोक हसायचे. मीही एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवून "बरं, बरं" म्हणत पुढं गेलो होतो.

कवट्या टेबलावर ठेवून मी म्हणालो, "सगळ्यांत जुनी कुठली, नवी कुठली? लावा ओळीनं. का लावली तेही सांगायचं."

पृथ्वीराज पुढं आला. वर्गातला सगळ्यांत दांडगा मुलगा. त्यानं लहानापासून मोठ्यापर्यंत भराभर ओळ लावून टाकली. शेवटी निअँडरथल आला आणि आपली कवटी त्याच्या अलीकडे.

"का रे असं?"

"डोकं मोठं होत गेलं की, सर."

"म्हणजे हा शेवटचा तुझ्यापेक्षा हुशार?"

"असंल की," मागून अंकिता म्हणाली. "पृथ्वीराजपेक्षा हुशार व्हायला कितीसं लागतंय."

वर्ग हसला, पृथ्वीराजही हसला. मग मी दरवर्षीप्रमाणे दाखवत गेलो. निअँडरथलचा मेंदू आपल्याएवढा, कधी थोडा मोठाही. पण कपाळ मागं कललेलं, भुवयांवर हाडाची जाड कड. त्याच्याआधीच्या होमो इरेक्टसची कड त्याहून ठसठशीत. नुसत्या आकारावर जायचं नाही, कपाळ बघायचं, जबडा बघायचा. राहिल्या दोन छोट्या कवट्या.

"ह्या दोनी बारक्या पोरांच्या," पृथ्वीराज म्हणाला.

सुकन्या उठून टेबलाशी आली. तिनं पहिली कवटी उचलली, कपाळाकडे पाहिलंच नाही. उलटी करून अंगठा दाढांवरून फिरवला. मग दुसरी तशीच पाहिली.

"ही पोराची हाय. ती न्हाय. ती जाणत्या माणसाची हाय."

"कशावरनं?"

"हिचं दात दुधाचं हायत. मागं एकेकच पक्की दाढ, ती बी आत्ता वर आलीय. असल्या कोकराला आमी आदत म्हणतो. त्या दुसरीच्या दाढा समद्या आल्यात आन् झिजल्यात बी."

"मेंढ्यांचा बाजार हाय का ह्यो?" पृथ्वीराज म्हणाला.

"मेंढीला वरचं म्होरचं दात नसत्यात. ह्याला हायेत. एवढं बी दिसंना व्हय तुला?"

तिचं बरोबर होतं. पहिली कवटी दक्षिण आफ्रिकेतल्या चुनखडीच्या खाणीत सापडलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाची; त्यांच्या पक्क्या दाढा आपल्यापेक्षा लवकर यायच्या. दुसरी केनियातली; मेंदू आपल्या निम्म्याहून कमी, पण माणूस पूर्ण वाढलेला. इतकी वर्षं मी मुलांना कपाळापासून सुरुवात करायला लावत होतो. तोंड उघडून बघा, असं आधी कधी म्हणालोच नव्हतो.

"पाहिलंत?" मी वर्गाला म्हणालो. "लहान दिसतो म्हणून वयानं लहान, असं नसतं."

सुकन्यानं कवटी खाली ठेवली. "मग माजं बी बघा की, सर."

वर्गात कुणी हसलं नाही. चाळीस मुलांसमोर पोरीच्या तोंडात डोकावणं मला बरं वाटेना. मी फळ्यावर जबड्याचं चित्र काढलं. सहाव्या वर्षाच्या आसपास पहिली पक्की दाढ येते, बाराव्याच्या आसपास तिच्यामागं दुसरी. "सगळ्यांनी आपापल्या जिभेनं मोजायचं," मी सांगितलं. "कुणाला वर्ष इकडं, कुणाला तिकडं. पण आठव्या वर्षी दुसरी दाढ बहुधा नसते."

वर्गभर गाल फुगले, जिभा फिरल्या. अंकिताच्या खालच्या दोन आल्या होत्या. पृथ्वीराजनं दोनदा मोजलं. त्याची एकही नव्हती.

"चार," सुकन्या म्हणाली. "चारी बी."

मधल्या सुट्टीत मी तिला मॅडमकडे नेलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, नुसत्या तुमच्या फळ्यावर मी वय बदलू शकत नाही."

"नकाच बदलू. दातांच्या डॉक्टरांना दाखवू."

दोन दिवसांनी तिचे आजोबा बिरप्पा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहिला आणि साडेअकरा ते तेरा असं लिहून दिलं. बिरप्पांना त्याचं काहीच वाटलं नाही. "मास्तर, हे मी जूनमदीच सांगितलं असतं," ते म्हणाले. "मला कुणी इचारलंच न्हाय."

मॅडमनी कागद वाचून टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "वयाप्रमाणे वर्ग द्यायचा नियम आहे, तो मी देते. पण सुकन्या, तुला तिसरीचंही पुस्तक नीट वाचता येत नाही. सहावीत रोज मान खाली घालून बसावं लागेल. पाचवीत बसतेस? एक वर्ष थांब, मग पुढं जा."

मलाही पाचवी बरी वाटली. मी तसं म्हणालोही.

सुकन्यानं आमच्या दोघांकडे पाहिलं. "तिसरीत मान वर हुती व्हय माजी? तितं मला समदी पोरं ताई म्हणून चिडवत्यात. सहावीत अडलं तर अंकिताला इचारीन. न्हाईतर ह्यांना." तिनं माझ्याकडे हनुवटी केली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "रोज याल?"

"येईन."

आता मी रोज शाळा भरण्याआधी तासभर जातो. सुकन्या अंकिताला घेऊन येते. पृथ्वीराजही येतो, गणितासाठी येतो म्हणतो, पण बहुतेक वेळ वाचनच ऐकत बसतो. काल सुकन्या सहावीच्या पुस्तकातला पहिला परिच्छेद वाचत होती. बोट ओळीखाली, कपाळावर घाम. 'प्रयोगशाळा' या शब्दाशी ती अडकली. प्र, यो, पुन्हा प्र. अंकिताला राहवेना. तिनं तोंड उघडलं.

"थांब की गं," सुकन्या मान वर न करता म्हणाली. "मला वाचू दे."

आम्ही तिघं थांबलो.