जुन्या अर्जांचा गठ्ठा

सोमवारी सकाळी शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीतून घडी घातलेला एक कागद आत आला. क्लार्क भाऊसाहेबांनी तो उघडून वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. शनिवारी पोटात दुखणार असल्यामुळे माझी मुलगी शाळेत येऊ शकणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"ताई, आज सोमवार," भाऊसाहेब म्हणाले. "शनिवारी पोट दुखणार हे आजच कसं कळलं?"

"तिला कळतं," खिडकीबाहेर उभी असलेली मुलीची आई म्हणाली. "दुखणार म्हणजे दुखणार, म्हणते. खोटं कशाला लिहू, म्हणून जसंच्या तसं लिहिलं."

भाऊसाहेबांनी अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि कपाळाला हात लावला. मुलगी तिसरीतली. एवढीशी, गुपचूप, म्हणून सगळी शाळा तिला मुंगी म्हणायची. आणि ही मुंगी नेमकी त्यांच्याच वाट्याला आली होती.

झालं होतं असं, की महिन्यापूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाने रोज दहा मिनिटं एका मुलाचं वाचन ऐकायचं. शिपाई, माळी, स्वयंपाकाच्या मावशी, कोणीही सुटलं नाही. नियम एकच: मूल अडलं तर शब्द पुरवायचा नाही, थांबायचं. आणि दर शनिवारी सभागृहात पाच मुलांनी सगळ्या शाळेसमोर एकेक पान वाचायचं. या शनिवारी मुंगीची पाळी होती.

दुसरीत असताना ती मोठ्याने वाचताना एका शब्दावर अडली होती आणि वर्ग खो खो हसला होता. तेव्हापासून तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच. भाऊसाहेबांनी चित्रांची पुस्तकं आणली, प्राण्यांची आणली. मुंगी पानं उलटायची, ओठ हलायचे नाहीत.

"आमच्या पठ्ठ्याने तिसरं पुस्तक संपवलं," शिपाई चहा ठेवता ठेवता टोमणा मारायचा. "तुमचं अजून मुखपृष्ठच चाललंय का, भाऊसाहेब?"

"तू घंटा दे वेळेवर. तेवढं कर."

त्या सोमवारी भाऊसाहेबांनी हात टेकले. दुपारी मुंगी येऊन स्टुलावर बसली तेव्हा त्यांनी पुस्तक काढलंच नाही. कपाट रिकामं करायचं होतं, तो तीस वर्षांपूर्वीच्या रजेच्या अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला आणि रद्दीत काय टाकायचं ते पाहू लागले. एक अर्ज वाचता वाचता त्यांना हसू फुटलं.

मुंगीने मान उंचावली.

"कोणाच्या तरी घरी पाहुणे आलेत आणि जातच नाहीत," भाऊसाहेबांनी सांगितलं. "मुलाला रजा द्यावी, कारण त्याची चप्पल पाहुण्यांनी... पुढे शाई उडालीय. काय केलं चपलेचं, देव जाणे."

त्यांनी कागद उजेडात धरला, तिरका केला, लांब नेला. खरोखरच लागत नव्हतं. शेवटी तो बाजूला ठेवणार, इतक्यात स्टुलावरून बारीक आवाज आला.

"घा... घातली आहे."

भाऊसाहेब गप्प बसले. नियमच होता तो. मुंगीने बोट ठेवून पुढची ओळ घेतली. "व ती त्यांना घट्ट होत असल्याने... फा... फाटण्याची भीती आहे."

मग दोघंही हसत सुटले.

पुढचे तीन दिवस गठ्ठ्यातले अर्ज निघत राहिले. कोणाचा दात काल पडला नव्हता, आज पुन्हा प्रयत्न होता. कोणाच्या वडिलांनी केस कापले होते आणि ते वाढेपर्यंत मुलगा घराबाहेर पडायला तयार नव्हता. भाऊसाहेब खालची सही दुमडून ठेवायचे. "नावं कार्यालयीन गुपित," म्हणायचे. मुंगी अडायची, थांबायची, पुन्हा सुरू करायची. दहाची वीस मिनिटं कधी व्हायची, घंटा झाल्यावर कळायचं.

शुक्रवारी तिने विचारलं, "माझा अर्ज परत द्या ना."

"आवक क्रमांक पडलाय. आता कागद परत मिळत नाही."

"मग?"

"दुसरा अर्ज कर."

मुंगीने पेन्सिल घेतली आणि जीभ बाहेर काढून लिहिलं: शनिवारी माझे पोट दुखणार नाही. कळावे. भाऊसाहेबांनी त्यावरही क्रमांक टाकला. उद्या वाचायचा अर्ज तिने स्वतः निवडला.

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. मुंगी पुढे आली. रोज तिचं वाचन ऐकणारे म्हणून भाऊसाहेब शेजारी उभे होते.

"माझी मुलगी शाळेत यायला तयार आहे," मुंगीने सुरुवात केली. आवाज पहिल्या दोन रांगांपुरताच होता. "परंतु तिच्या दप्तरात मांजरीने चार पिल्ले घातली आहेत. पिल्लांचे डोळे उ... उघ..."

ती अडली. शब्द भाऊसाहेबांच्या जिभेवर आला होता. त्यांनी दात आवळून तो आत ठेवला. सभागृहात कोणीतरी शिंकलं. समोर बसलेल्या मोठ्या बाईंनी पापणीही हलवली नाही.

"...उघडेपर्यंत रजा द्यावी. दप्तर हलवल्यास मांजर चावते."

आणि सगळी शाळा हसली.

भाऊसाहेब एक पाऊल पुढे सरकले. तेच हसणं, तीच मुलं. आता ही कागद टाकून पळते की काय, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मुंगी जागची हलली नाही. तिने मान वर केली, पार शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवली आणि हसणं ओसरायची वाट पाहिली, अगदी सवयीच्या माणसासारखी.

"थांबा, अजून आहे," ती म्हणाली. आता आवाज दारापर्यंत पोचला. "खाली तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी लिहिलंय. रजा मंजूर. एक पिल्लू शाळेस द्यावे. कार्यालयात उंदीर फार झाले आहेत."

या वेळी शिक्षकही हसले. स्वयंपाकाच्या मावशींनी पदराने डोळे टिपले, माळी मांडी थोपटू लागला, आणि दारातला शिपाई घंटा द्यायची सोडून टाळ्या वाजवत राहिला. मागच्या रांगेतली मोठी मुलं उभी राहिली. "पुन्हा वाच, मुंगे! पुन्हा!"

मुंगीने मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली.

तिने कागद सरळ केला आणि सगळा अर्ज पहिल्यापासून वाचला. या खेपेला ती कुठेच अडली नाही. मांजर चावते म्हणताना मात्र तिलाच हसू आवरेना, आणि सबंध शाळा तिच्यासाठी थांबली.