ओढा तळ्याला मिळतो तिथं

अंबरनाथ पश्चिमेला स्टुडिओ चालवणाऱ्या जयदेव आणि मालिनीने बावीस वर्षं लग्नांचेच फोटो काढले. यंदा फेब्रुवारीत जयदेवने हट्टच धरला, लडाखला जायचं, गोठलेली तळी टिपायची. मालिनी दुसरी बॅग खांद्याला लावून सोबत निघाली.

वाटाड्या नोर्बूने पहिल्याच सकाळी बजावलं होतं, "सर, जहाँ नाला आता है, उधर नहीं जाना. नीचे पानी चलता है."

तिसऱ्या दिवशी नोर्बू गाडीतून थर्मास आणायला गेला आणि जयदेव नेमका तिकडेच सरकला. तिथे बर्फात पांढरे बुडबुडे थरावर थर गोठले होते.

"अहो, तिकडे नको!" मालिनी ओरडली.

"दोन फ्रेम. आलोच."

जाड कापड टरकन फाटावं तसा आवाज तिच्या पायाखालून पळत गेला, आणि जयदेव छातीपर्यंत आत गेला.

तो ओरडला नाही. त्याला श्वासच घेता येत नव्हता. एका हाताने काठ धरायचा, काठ मोडायचा. दुसऱ्या हाताने कॅमेरा वर उचललेला. मालिनीला पोहता येत नव्हतं. पळून जावं असं वाटलं, खरंच वाटलं. ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. मग ती पालथी पडली आणि कोपरांवर सरकू लागली. गालाखाली, बर्फाच्या आत, काळं पाणी हलताना दिसत होतं.

तिने मिटलेला ट्रायपॉड पुढे ढकलला. "धरा!"

तो कॅमेऱ्याकडेच बघत राहिला.

"सोड तो! जयदेव, सोड म्हणते ना!"

बावीस वर्षांत तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्याने कॅमेरा सोडला, ट्रायपॉड धरला. तिच्या छातीखाली पुन्हा करकरलं. आता आपणही जाणार, म्हणून तिने डोळे मिटले. तेवढ्यात कुणीतरी तिचे घोटे पकडून मागे खेचू लागलं. नोर्बू होता.

गाडीत ओले कपडे उतरवल्यावरही तासभर जयदेवचे दात वाजत होते. डाव्या पायाची दोन बोटं बधिर झाली ती झालीच.

बदलापूरला घरी परतल्यावर तो सोसायटीत हा किस्सा रंगवून सांगू लागला. मालिनी तेवढ्यात चहा टाकायला आत जायची.

एप्रिलमध्ये बारवी धरणाजवळच्या एका शेतावर प्री-वेडिंगचं काम होतं. जोडपं आंब्याखाली उभं होतं. जयदेव डोळ्याला कॅमेरा लावून एकेक पाऊल मागे येत होता, पाण्याच्या दिशेने. मालिनीने मागून त्याचा शर्ट मुठीत पकडला.

"काय गं?"

ती मागे वळून पाण्याकडे बघत होती.

"अगं, पाणी लांब आहे."

"दिसतंय मला," ती म्हणाली. मूठ मात्र सुटेना.

आंब्याखालची पोरगी फिसकन हसली. जयदेव हसला नाही. कॅमेरा खाली घेऊन तो तिच्याजवळ तसाच उभा राहिला.