कावळ्यांची सुट्टी

कावळा काही शिवेना.

सावित्री नदीच्या काठी प्रयागबाईंच्या दहाव्याला अख्खी वाडी जमली होती, रीत मोडून बायापोरींसकट. पिंडाशेजारी भात, वडे नि बाईंच्या आवडीचा गुळाचा खडा. समोरचा आंबा कावळ्यांनी काळा झालेला. पण एक खाली उतरेल तर शपथ.

"बाईंची इच्छा राहिली हाय," बाईंच्या हाताखाली शिकलेला कुशाबा म्हणाला. मग जो तो पिंडापुढं जाऊन वचन देऊ लागला. कुशाबानं विडी सोडली. ती तो दर एकादशीला सोडायचा, हे कावळ्यांनाही ठाऊक असावं. सुनेशी भांडणार नाही असं चंद्रभागेनं सांगितलं, तेव्हा तर दोन कावळे उडूनच गेले.

बाईंची नात आवडी खडकावर बसून बघत होती. डोळे रडून सुजलेले, नि हसू दाबून पोट दुखत होतं. कावळा का शिवत नाही ते तिला ठाऊक होतं. पण ती इतक्यात सांगणार नव्हती.

ही माणसं तरी कसली. नवरा गेल्यावर बाई महाडला जाऊन शिकल्या नि देवळाच्या पडवीत शाळा मांडून बसल्या, तेव्हा रांडमुंड बाईच्या हातात छडी बघून यांनीच तोंडं वाकडी केली होती. त्यांच्याच पोरांचे कान पिळून बाईंनी त्यांना माणसात आणलं. आता तीच तोंडं कावळ्याची मनधरणी करत होती.

आवडीची आई ती रांगायच्या आधीच गेली. बाप सहदेव, बाईंचा मुलगा, मुंबईला गिरणीत. शाळेला जाताना आजी तिला पाठुंगळी घेऊन ओढ्यात शिरायची आणि ऐन मध्यावर थांबून विचारायची, "बारा सत्ते?" उत्तर येईस्तोवर पाऊल पुढं पडायचं नाही. गुडघाभर पाणी, पाठीवर नात भोकाड पसरलेली, पलीकडं पोरं खोळंबलेली, तरी बाई उभ्याच. मग उत्तर आलं की पदराच्या गाठीतला गूळ निघायचा.

"भटजी, जल्दी करा," सहदेव म्हणाला. "पोलादपूरला माझी यस्टी चुकंल."

भटजींनी गवताचा कावळा वळायला घेतला. वाडीच्या माना खाली गेल्या. एवढी मोठी बाई, नि तिला गवताचा कावळा.

बाईंची इच्छा खरं तर सगळ्यांना माहीत होती. आवडीनं महाडच्या हायस्कुलात जावं. सहदेवानं मात्र वैशाखात तिला उजवायचं ठरवलं होतं. हे कुणी तोंडातून काढत नव्हतं, कारण त्यापेक्षा विडी सोडणं सोपं.

आवडी उठली. "बाबा, मला महाडला शिकायला घालतो म्हण."

"हा काय टायम हाय काय गो?"

"मग होऊ दे गवताचा कावळा. तुझ्या गिरणीत पण कळंल."

सहदेवानं आजूबाजूला बघितलं. वाडी त्याच्याकडंच बघत होती.

"म्हण रे सहदेवा," कुशाबा म्हणाला. "मी विडी सोडली."

सहदेव पुटपुटला. आवडीनं आजीला ऐकू जाईल असं बोलायला लावलं. मग ओंजळीतलं पाणी पिंडावर सोडायला लावलं. ते सोडलं, म्हणजे आता माघार नाही.

तरी कावळा बसलेलाच. सहदेवाचा चेहरा उजळायला लागला.

आता आवडीनं कमरेवर हात ठेवला. पोरांच्या भाकरीवर टपणाऱ्या कावळ्यांना बाई खडूचा तुकडा मारायच्या, नेम चुकायचा नाही. बाई बोलल्याशिवाय खाली उतरायची कुणा कावळ्याची छाती नव्हती. मग पोरं पळायची, नि सांडलेल्या घासांवर कावळे तुटून पडायचे. आवडीनं आजीचा आवाज काढला.

"सुट्टी."

आंबा एकदम रिकामा झाला. पिंड, भात, वडे, गूळ, भटजींचं गवत, सगळ्यावर कावळेच कावळे. आणि त्यांच्याही आधी कुशाबा उठून घराकडं पळत सुटला होता.

"हे आधी का नाय बोललीस गो?" सहदेवानं विचारलं.

"धडा पुरा व्हायच्या आधी आजी कधी सुट्टी द्यायची काय?" आवडी म्हणाली, आणि दप्तराला कुठली पिशवी चालेल याचा विचार करत ओढ्याकडं निघाली.